वास्तवाशी तंतोतंत

पतमाहिती नियामकाच्या नाशिकमधल्या प्रयोगशाळेत मोठ्या पडद्यावर आकडा उमटला. पतनोंदींची अचूकता नव्व्याण्णव टक्के. टाळ्या पडल्या. डॉ. रेवती चिंचाळकर मात्र समोर तक्रार घेऊन बसलेल्या बाईंकडे पाहत होती. नलिनी वाघचौरे, परिचारिका.

"एकाच घरात बारा वर्षं राहिले, मॅडम. मग माझ्याच नावाच्या कुणा दुसरीची नोंद माझ्या नावावर चढली. 'अस्थिर निवासी.' म्हणजे सारखी घरं बदलणारी."

पतमाहिती एक कंपनी दुसरीला विकते, दुसरी तिसरीला. मूळ चूक सुधारली तरी विकलेल्या प्रती फिरतच राहतात. म्हणून रेवतीने 'वास्तव-पडताळक' घडवला होता. तो प्रत्येक प्रत माणसाच्या आजच्या आयुष्याशी ताडून पाही आणि जुळली नाही तर बाद करी. कायद्यानेही हीच कसोटी स्वीकारली होती.

तिने नोंद पडताळकात घातली. उत्तर आलं : अचूक. दोन वर्षांत सात पत्ते.

"सात?"

"ती नोंद वाचली की घरमालक करार मोडतात. मी होऊन एकही घर सोडलं नाही."

रेवती तडक संचालक डॉ. लोपीस यांच्याकडे गेली. "सर, चूक माणसाला स्वतःसारखंच करून टाकते. पडताळक पोचतो तोवर ती चूक उरलेलीच नसते."

"म्हणजे अचूकता वाढली ती..."

"नोंदी सुधारल्या म्हणून नाही. माणसं मोडली म्हणून."

"कायदा नोंद जुळते का एवढंच विचारतो, रेवती. का जुळते, ते विचारत नाही."

मग वास्तवच बदलायचं, असं तिने ठरवलं. नलिनीबाईंना ती स्वतःच्या भाड्याच्या घरी घेऊन आली. पत्ता टिकला की पडताळक ती नोंद बाद करणारच होता.

महिना भरायच्या आत घरमालक दारात उभा राहिला. "मॅडम, तुमच्या पत्त्यावर अस्थिर निवासी आहे. तुमचीही पत घसरलीय. घर रिकामं करा."

"ती माहिती खोटी आहे!"

"खोटी कशी? नियामकाची मोहोर आहे तिच्यावर."

नलिनीबाई पिशवी घेऊन बाहेर आल्या. "मी जाते. मग तुम्हाला राहू देतील."

"नाही देणार," रेवती म्हणाली. "माझी नोंदही एव्हाना विकली गेली असेल."

तिने कपाट उघडलं आणि काचेचे पेले तसेच खोक्यात टाकू लागली. नलिनीबाईंनी ते तिच्या हातातून घेतले, एक जुनी साडी ओढली आणि पेले त्यात कसे गुंडाळायचे ते तिला दाखवलं.