कालव्यावरचा पाठमोरा

कुंभार पिंपळगावच्या धर्मराजनं उभी हयात एसटी चालवली. निवृत्त झाला तेव्हा पोट सुटलेलं, गुडघे धरलेले. डॉक्टर म्हणाले, "नुसतं चालू नका, नुसती सायकलही नको. दोन्ही मिळून करा." मग त्यानं जोडीला अप्पारावला घेतलं. अप्पारावही ड्रायव्हरच, त्याच्याबरोबरच निवृत्त झालेला. पहाटे कालव्याच्या पुलापर्यंत सायकल, ती तिथं लावून जांब समर्थच्या वाटेनं पायी लांबवर, आणि तसंच परत.

पावसाळा सरला आणि अप्पारावनं दारात येऊन हाक मारणं बंद केलं. एकटाच पुढं जायला लागला. महिन्याभरात त्याची पाठ ताठ झाली, चालीत वारं शिरलं. धर्मराजच्या बायकोनं, उषाबाईनं, एकदा भाकरी वाढता वाढता म्हटलं, "अप्पाराव भाऊजी बघा, कसे तरणे दिसून राह्यले!"

धर्मराजनं ताट बाजूला सारलं.

पौषातल्या एका पहाटे तो मुद्दाम लवकर निघाला. कालव्यावर दाट धुकं होतं. पुलाशी पोचला, तर अप्पारावची सायकल कठड्याला टेकलेली. तीच, सीटवर लाल फडकं बांधलेली. आजही हा आपल्या पुढं! धर्मराज खाली बसला आणि त्यानं मागच्या चाकाची हवा सोडून दिली.

हवा संपली. फुसफुस मात्र थांबेना. कोणीतरी दमून श्वास सोडावा तशी… अगदी कानाशी.

त्यानं दचकून वर पाहिलं. पुढं कालव्याच्या कडेनं अप्पाराव पाठमोरा चालला होता. तीच टोपी, तोच मफलर.

"अप्पा… थांब की!"

तो वळला नाही. धर्मराज मागं धावला. गुडघ्यांचं भान राहिलं नाही. कितीही धावलं तरी अंतर तेवढंच. शेवाळलेल्या पाण्याचा वास नाकात भरला. खाली ओल्या मातीत पाहिलं, तर पुढं एकही पाऊल उमटलेलं नव्हतं.

धर्मराज थांबला. पुढचाही थांबला. न वळता… वाट बघितल्यासारखा.

मग मात्र धर्मराज माघारी पळाला. सायकल हाणत थेट अप्पारावच्या घरी आला. ओट्यावर अप्पाराव घोंगडी पांघरून बसला होता. शेजारी त्याची तीच लाल फडक्याची सायकल. मागच्या चाकाची हवा गेलेली.

"अप्पा… तू आत्ता कालव्यावर…"

"मी आज गेलोच न्हाई." अप्पारावचा आवाज खोल गेला होता. "पाठमोरा दिसला ना? मला रोज दिसायचा. मला वाटायचं, तूच हाईस. मला सोडून पुढं निघून गेलास म्हणून जळायचो मी. मंग अजून जोरात चालायचो. ही तब्येत त्याच्याच मागं पळून झाली."

"कधी… वळला का तो?"

"काल वळला."

"मंग?"

"म्हणला, उद्या तू नको येऊ. उद्या धर्मराजला येऊ दे."

आधारासाठी धर्मराजनं मित्राच्या तोंडाकडं पाहिलं. तिथं भीती नव्हती. अप्पारावचे डोळे लाल झाले होते, दात आवळलेले होते.

"मी काय कमी चाललो रे?" तो पुटपुटला. "तुलाच का बोलावलं त्यानं?"