मागून येणारी सायकल

ही रचलेली गोष्ट नाही. माझी आतेबहीण दीपमाला हिच्या बाबतीत हे घडलं आणि मी ते तिच्याच तोंडून ऐकलं. ती भौतिकशास्त्रात बीएस्सी झाली आहे. भुताखेतांवर तिचा आजही विश्वास नाही.

गेल्या फेब्रुवारीतली पहाट. तासगाव-मणेराजुरी रस्ता. द्राक्षबागांवर धुकं साचलेलं.

दीपमाला पहिल्यांदाच रोडबाईक, म्हणजे बारीक टायरची शर्यतीची सायकल, घेऊन निघाली होती.

त्याआधी कित्येक वर्षं ती एमटीबी, म्हणजे डोंगरी सायकल, चालवायची. जाड, खडबडीत टायरची, बांधावरून, ओढ्यातून, कुठूनही जाणारी. मागं तिचा मोठा भाऊ शिवतेज, तसल्याच सायकलवर. पुढं बहीण, मागं भाऊ. हा क्रम कधी बदलला नाही.

श्रावणात शिवतेज डेंग्यूनं गेला.

ती एकटीच सराव करत राहिली. मार्चमध्ये राज्य स्पर्धेची निवड चाचणी होती, डांबरी रस्त्यावरची. म्हणून वडलांनी, लालासाहेबांनी, रोडबाईक आणली.

आई टायर चिमटीत धरून म्हणाली, "आगं, ही सायकल हाय का सुतळी? वाऱ्यानं उडशील की!"

शिवतेज गेल्यापासून त्या घरात पहिल्यांदा कुणीतरी हसलं.

एमटीबीचे टायर डांबरावर सतत घुमतात. रोडबाईक मात्र मुकी. नुसती सरकत गेल्यासारखी चालली.

चढ लागला, आणि...

घूंऽऽ...

मागून. जाड टायरचा आवाज.

तिनं वळून पाहिलं. रस्ता रिकामा.

ती पुढं निघाली. पुन्हा घूंऽऽ... आणि त्यात मधूनमधून एक बारीक 'टिक'.

शिवतेजच्या चेनची एक कडी अडकायची. तो ती दुरुस्त करत नव्हता. "ऱ्हाऊ दे गं. मी मागं हाय ह्ये कळतंय तरी तुला," म्हणायचा.

ती थांबली.

आवाजही थांबला.

घरी येताच ती बेदाण्याच्या शेडमध्ये धावली. त्याची सायकल तिथंच टांगलेली होती. दोन्ही टायर बसलेले. चेनवर गंज.

मग तिनं तपासायला सुरुवात केली. प्रतिध्वनी असेल म्हणून मोकळ्या माळावर गेली. वारा पडलेला असताना गेली. आवाज तरीही मागं होताच. मोबाईलवर रेकॉर्ड केलं, त्यात फक्त तिचा स्वतःचा श्वास होता. शेवटी जुनी एमटीबी बाहेर काढली.

काही ऐकू आलं नाही. स्वतःच्याच टायरची घरघर तेवढी.

आणि तिथंच तिच्या अंगावर काटा आला.

म्हणजे तो आत्ता आलेला नव्हता. श्रावणापासून रोज मागं असणार... तिच्याच टायरच्या आवाजात बुडालेला.

ती पुन्हा रोडबाईकवर आली. पण ही सायकल फार वेगानं जायची. उतार लागला की मागचा आवाज दूर पडायचा. मग टिक-टिक-टिक... कुणीतरी जिवाच्या आकांतानं पायडल मारत असायचं. आणि धाप. तसली धाप तिनं दवाखान्यात ऐकली होती.

ती ब्रेक दाबायची.

तो गाठायचा.

लालासाहेब एक दिवस चिडले. "दीपे, येवढी भारी सायकल आन् बैलगाडीवानी चालवतीस? निवड हुईल का आशानं?"

तिनं रडत सगळं सांगितलं.

लालासाहेब फौजेतून निवृत्त झालेले. हसतील असं तिला वाटलं. ते हसले नाहीत.

"म्याच सांगितलेलं त्येला," ते म्हणाले. "उसाचं ट्रॅक्टर आंगावर येत्यात, पोरीला एकटी सोडू नगंस. मी सांगंस्तवर तिच्या मागनं हटायचं न्हाई."

"आबा..."

"मी कुटं सांगितलंय आजून?"

दुसऱ्या दिवशी उजाडताना ते चढाच्या पायथ्याशी जाऊन उभे राहिले. दीपमाला आली. मागून घूंऽऽ... ती वडलांपाशी थांबली. त्यांना काहीच ऐकू आलेलं नव्हतं.

ते तिच्या मागच्या रिकाम्या रस्त्याकडं बघत ताठ उभे राहिले.

"शिवतेज... बास झालं, बाळा. आता तिची ती जाईल. तू जा."

धुकं हललं नाही. पाखरूसुद्धा ओरडलं नाही.

"गेला का गं?"

तिनं कान दिला. काहीच नव्हतं.

"गेला, आबा."

लालासाहेब रस्त्याकडंला बसून ढसाढसा रडले. मुलाला अग्नी देतानाही ते रडले नव्हते.

दीपमाला सायकल हातात धरून घरापर्यंत चालत आली. कारण ती थांबली की तोही थांबायचा, आणि उभ्या सायकलीचा टायर वाजत नाही. तो गेला, की नुसताच थांबलाय... हे सायकल चालवल्याशिवाय कळणार नव्हतं.

चाचणी होऊन गेली. ती गेलीच नाही. पुन्हा सायकलवरही बसली नाही.

मागच्या महिन्यात मी तिच्याकडं गेलो होतो. लालासाहेब अजून रोज सकाळी रोडबाईकमध्ये हवा भरून ती दाराशी लावतात.

मी विचारलं, "आवाज येईल याची भीती वाटते का?"

"आला तर दादा आजून माझ्यामागं पळतोय," ती म्हणाली. "आन् न्हाई आला तर..."



दिवस मावळला होता. ती उठून दाराशी गेली, सायकलजवळ खाली बसली, आणि सकाळी भरलेली हवा दोन्ही टायरांतून सोडून दिली.