मालेगावचा प्रयोग

वत्सलाबाई क्षेमकल्याणी जिना चढून वर आल्या. त्यांच्या मागून धाकटी बहीण ललिता पिशवी, शाल आणि पाण्याची बाटली सांभाळत येत होती. खुर्चीत बसल्यावर वत्सलाबाईंनी मागे न बघता हात पसरला. ललितानं त्यात बाटली ठेवली.

"तू खाली थांब," वत्सलाबाई म्हणाल्या.

ललिता मुकाट्यानं गेली.

प्रतिभा गायधनीनं पोलिसातली नोकरी सोडून नाशिकला अशोक स्तंभाजवळ खासगी तपासाचं ऑफिस काढलं, त्याला आता सात वर्षं झाली होती. तिच्या मदतीला होता किशोर शिरसाठ. अंबडच्या कारखान्यातून तो नुकताच निवृत्त झाला होता आणि संगीत नाटकांचा वेडा होता.

"वत्सलाबाई, तुमचं गाणं मी शाळेत असताना ऐकलंय!" तो उठून उभा राहिला.

"नंतर ऐकायला मिळालं नाही, कारण आवाज गेला. बसा."

मग त्यांनी काम सांगितलं. कॉलेज रोडला मयूर भालेराव यांच्या घरी दर महिन्याच्या तिसऱ्या रविवारी दुपारी वीस-पंचवीस नाट्यसंगीतवेडे जमत. जुनं ध्वनिमुद्रण लावायचं आणि बाकीच्यांनी गायक, नाटक आणि प्रयोग ओळखायचा, असा तो खेळ होता. प्रश्न कोणाचा ते कळू नये म्हणून चिठ्ठ्या आधीच पेटीत टाकलेल्या असत. गेल्या रविवारी एका चिठ्ठीप्रमाणे जे लागलं त्यात एका गायिकेचा आवाज तान घेताना फाटला होता. प्रेक्षकांतून कोणी तरी कोंबड्यासारखं आरवलं होतं, मग थिएटरभर हशा.

"आणि मयूरच्या दिवाणखान्यातली माणसंही हसली," वत्सलाबाई म्हणाल्या. "डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मी पहिल्या रांगेत होते. ती बाई मीच. त्र्याऐंशी सालातला माझा शेवटचा प्रयोग. ती चिठ्ठी कोणी टाकली ते मला चारचौघांत कळलं पाहिजे."

"चारचौघांतच का?"

"हसले ते चारचौघांतच."

मयूर भालेराव पन्नाशीचा, अघळपघळ माणूस होता. दिवाणखान्याच्या भिंतीवर त्याच्या वडिलांचा, चिमाजींचा, ऑर्गन वाजवतानाचा फोटो होता. शेजारी नायिकेच्या वेषातली आई.

"बाबा ऑर्गनवर टेपरेकॉर्डर ठेवून प्रत्येक प्रयोग रेकॉर्ड करायचे," मयूर म्हणाला. "ते गेल्यावर शंभरेक कॅसेटी दुकानातून पेन ड्राइव्हवर करून आणल्या. दिवाळीत सगळ्यांना एकेक वाटला. कॅसेटीवर बाबांनी जे लिहिलं होतं, तेच नाव फाइलला. मी कुठे ऐकत बसतोय!"

"ही चिठ्ठी?"

त्यानं दिली. छापील होती. फाइलचा क्रमांक, 'एकविसाव्या मिनिटापासून', आणि खाली उत्तर: 'वत्सला क्षेमकल्याणी, मालेगाव'.

"फार वाईट झालं हो," मयूर म्हणाला. "पण वत्सलाबाईंचा आवाज गेला म्हणून आईला संधी मिळाली. दुसऱ्याच दिवशी तिनं अख्खी भूमिका उभी केली. बाबांनी महिनाभर आधीपासून तिच्याकडून सगळी पदं बसवून घेतली होती. दूरदृष्टी!"

स्नेहल गांगुर्डे या खेळातली सर्वांत तरबेज. ती सगळ्यांत आधी हसली होती, म्हणून किशोरचा संशय तिच्यावर होता.

"हसले, खोटं कशाला बोलू?" स्नेहल म्हणाली. "पण चिठ्ठी माझी नाही. माझी असती तर थेट तानेपासून लावायला सांगितलं असतं. इथे आधी दीड मिनिट नुसतीच पडद्यामागची गडबड. आम्ही कंटाळलो होतो. आणि आम्ही तिघांनी 'निफाड' म्हणून ओरडून सांगितलं, फाइलवर तसंच लिहिलंय. तर उत्तर निघालं मालेगाव!"

शेवटी ललिता. वत्सलाबाईंच्या गंगापूर रोडच्या फ्लॅटमध्ये ती बहिणीसाठी भाकरी थापत होती. वय अठ्ठावन्न. लग्न केलेलं नव्हतं.

"थंडी वाजून घसा बसलाय का?" किशोरनं विचारलं, कारण तिचा आवाज खरखरीत होता.

"नाही, असाच आहे. फार वर्षं झाली."

"तुम्ही गात नव्हता?"

"शिकत होते. ताईबरोबर गावोगाव जायचे. त्या प्रयोगानंतर सोडलं. ताईला बघायला कोणी तरी हवं होतं ना." तिनं भाकरी उलटली. "ती चिठ्ठी कोणी का टाकली असेल हो? ताईनं कोणाचं काय वाकडं केलंय?"

बाहेर आल्यावर किशोर म्हणाला, "मयूरच. आईचं नाव मोठं करायला."

"मग तो मालेगाव कसं लिहील? त्याच्याकडे निफाडच आहे," प्रतिभा म्हणाली. "चला, ती कॅसेट पहिल्यापासून ऐकू."

रविवारी दुपारी मयूरच्या दिवाणखान्यात पाच जण बसले होते: मयूर, स्नेहल, दोघी बहिणी आणि किशोर. प्रतिभा उभी होती.

"फाइलवर निफाड लिहिलंय आणि चिठ्ठीवर मालेगाव," तिनं सुरुवात केली. "म्हणजे चिठ्ठी लिहिणारं माणूस त्या दिवशी तिथं होतं. चिमाजी आणि त्यांच्या पत्नी आज हयात नाहीत. इथे येणाऱ्यांत उरल्या दोघी. वत्सलाबाई आणि ललिताबाई."

ललितानं मान वर केली. "मी? ताईला?"

"तुम्ही नाही. एकविसाव्या मिनिटाला काय आहे ते ऐका."

दुसऱ्या अंकाआधीची लगबग. ऑर्गनचा एक सूर. आणि त्यात एका मुलीचा घंटेसारखा स्वच्छ आवाज: 'ताई, एवढं घे, घसा मोकळा होईल.'

"हा ललिताबाईंचा आवाज. चिठ्ठी त्यांची असती तर त्यांनी स्वतःच्या आवाजापासून सुरुवात का केली असती? ज्याला नुसतं हसवायचं होतं त्यानं तानेपासून लावलं असतं. इथून लावायला सांगणाऱ्या माणसाला हेच वाक्य सगळ्यांना ऐकवायचं होतं. पण कोणी ऐकलं नाही, सगळे हसले. म्हणून ते माणूस माझ्याकडे आलं. वत्सलाबाई, चिठ्ठी तुमची आहे."

किशोरचं तोंड उघडंच राहिलं.

वत्सलाबाईंनी नाकारलं नाही. "हो, माझीच. आता ऐकलंत ना सगळ्यांनी? हिनं मला पेला दिला आणि माझा आवाज गेला. मला तेव्हापासून माहीत आहे. पुरावा दिवाळीत मिळाला. गाण्यापासून मागे मागे जात ऐकत होते. हिचा आवाज सापडला आणि मी थांबले."

"ताई..." ललिता पांढरीफटक पडली. "इतकी वर्षं तुला असं वाटत होतं? मग विचारलं का नाहीस?"

"विचारलं असतं तर तू रडली असतीस. मी माफ केलं असतं. मला माफ करायचं नव्हतं. मी तुला जवळ ठेवलं. माझं सगळं तुझ्याकडून करून घेतलं. दोन चांगली स्थळं आली होती तुला, ती मीच परस्पर मोडली."

मग प्रतिभा म्हणाली, "तुम्ही थांबलात तिथून आणखी दोन मिनिटं मागे जायला हवं होतं."

तिनं एकोणिसावं मिनिट लावलं.

एका पुरुषाचा आवाज, माइकच्या अगदी जवळचा: 'ललिता, हा पेला ताईला दे. सगळा तिलाच. तू तोंड लावू नकोस.' मग मुलीचं हसू, आणि लगेच: 'ई! कडू आहे हो काका!'

मयूर ताडकन उठला. "हे... हे बाबा आहेत."

"हो. ऑर्गनवाल्याशिवाय इतक्या जवळ कोण असणार? त्यांनी महिनाभर आधी बायकोची तयारी करून घेतली होती, हे तुम्हीच सांगितलंत. कॅसेटीवर निफाड लिहिलं ते ही कोणाला सापडू नये म्हणून. पुसून का टाकली नाही ते मला सांगता येणार नाही. कदाचित ऐकायला आवडत असेल."

"पेल्यात काय होतं?" स्नेहलनं दबक्या आवाजात विचारलं.

"शेंदूर असेल, त्यानं आवाज जातो म्हणतात; आणखी काही असेल. आता कळायचं नाही. पण ललिताबाई एक घोट प्यायल्या. टेपवरचा त्यांचा आवाज ऐकलात, आजचाही ऐकलात. विष कालवणारं माणूस आधी स्वतः चाखून बघत नाही."

ललिताचा हात गळ्याशी गेला. "माझा घसा सुजला होता तेव्हा. मला वाटलं, ताईसाठी रडून रडून सुजला असेल."

वत्सलाबाई टेबलाकडे बघत होत्या.

"ताई," ललितानं विचारलं, "कोण होते ते? ती दोन स्थळं?"

"एक सटाण्याचा शाळामास्तर होता. तो दोनदा येऊन गेला. तू पेठला मामाकडे होतीस तेव्हा."

"नाव काय त्याचं?"

वत्सलाबाईंनी बराच वेळ आठवून पाहिलं. "नाव आठवत नाही गं."

ललितानं मान हलवली. पिशवी, शाल आणि बाटली तिनं बहिणीच्या मांडीवर ठेवली, नीट, पडणार नाही अशी. चपला घातल्या आणि जिना उतरून गेली.

"किशोरराव," काही वेळानं वत्सलाबाई म्हणाल्या, "बघा बरं, खाली थांबली असेल ती. मला जिना उतरताना धरायला लागतं."

किशोर गॅलरीत गेला. कॉलेज रोडवर दुपारचं ऊन होतं. एक रिक्षा सिग्नल ओलांडून सी.बी.एस.च्या एसटी स्टँडच्या दिशेनं वळली.

"नाही," तो म्हणाला. "गेल्या त्या."