जांभळ्या काट्यांचं साळिंदर

"अकरावं! अकरावं झाड खाल्लं मेल्यानं!"

मामांचा आवाज एवढा चढला की न्याहारीच्या टेबलावरची तिन्ही मुलं चमचे टाकून बागेत धावली. सगळ्यात पुढे कप्तान. ती तेरा वर्षांची, शाळेच्या फुटबॉल संघाची कप्तान, त्यामुळे घरीदारी तिला तेच नाव पडलेलं. तिच्या मागे तिचा धाकटा भाऊ चष्मिष. आणि त्याच्या मागे मामांची दहा वर्षांची मुलगी. भावंडं सुट्टीला आली की ती दिवसभर त्यांच्या मागे मागे, म्हणून तिचं नाव शेपूट.

नासपतीच्या झाडाची साल बुंध्यापाशी गोल कुरतडलेली होती. आतलं लाकूड उघडं पडून पांढरंफटक दिसत होतं.

"वरून हिरवं दिसतंय ना? पण मेलं हे," मामा म्हणाले. "साल अशी चहूबाजूंनी गेली की झाडाला वर काही पोचत नाही. नऊ वर्षं वाढवलं मी याला!"

कुंपणापलीकडून आवाज आला. "ओरडून झालं असेल तर एक सांगू? तुमच्याच झुडपांत बिळं आहेत साळिंदरांची!"

त्या शेजारच्या हेडबाई. शाळेतून निवृत्त झाल्या, पण दरारा तसाच. त्यांचीही नासपतीची बाग होती आणि त्यांचीही झाडं वाळत होती. दोन्ही घरांत सात वर्षं एकही सरळ शब्द नव्हता.

"माझी झुडपं? तुम्हीच तिकडून हाकलता इकडे!" मामा गरजले.

"मी? त्यांना पकडायला पिंजरेवाल्याला आधी मी बोलावलं! तुम्ही नंतर नक्कल केलीत!"

"मग नीट ऐका! रविवारपर्यंत हे थांबलं नाही, तर कुंपणाच्या कडेनं विष टाकणार आहे मी!"

मामी घाबरून म्हणाल्या, "अहो, त्यांचा कुत्रा येतो इकडे!"

"येऊ दे!" मामा म्हणाले आणि तरातरा अवजारांच्या खोलीकडे गेले.

शेपटीने कप्तानचा हात घट्ट धरला. "डबा आणलाय बाबांनी. वरच्या फळीवर आहे. त्यावर कवटीचं चित्र आहे!"

तेवढ्यात पिंजरेवाला आला. मामांच्या पिंजऱ्यात रात्री एक साळिंदर अडकलं होतं. त्याने पिंजऱ्यावर पोतं टाकलं आणि पिंजरा गाडीत चढवला. "सोडतो याला नदीपलीकडच्या जंगलात. जायला-यायला तीन तास मोडतात बघा," असं म्हणत तो निघून गेला.

अर्ध्या तासात गाडी परत दारात!

"हातमोजे राहिले," तो म्हणाला आणि हातमोजे उचलून चालता झाला. चष्मिषने गाडीत डोकावून पाहिलं होतं. त्याने घड्याळ बघितलं, चष्मा वर सरकवला आणि म्हणाला, "पिंजरा रिकामा होता."

"म्हणजे?" शेपटीने विचारलं.

"म्हणजे तीन तासांचं जंगल अर्ध्या तासात आलं. गाडीला पंख फुटले असतील तर गोष्ट वेगळी."

"चला!" कप्तान म्हणाली.

दोन्ही बागांच्या मागून एक कोरडा कालवा जात होता. तिथे जाणारा कच्चा रस्ता एकच, आणि त्यावर गाडीच्या चाकांचे ताजे ठसे! ठसे थेट जुन्या मोरीपर्यंत गेले होते. मोरीच्या तोंडाशी माती उकरलेली होती आणि तिथे काळेपांढरे काटे पडले होते. एक नाही, मूठभर!

ते काटे घेऊन तिघं धापा टाकत मामांकडे आली. मामांनी मान वर करूनसुद्धा पाहिलं नाही.

"काटे काय, कुठेही पडतात. पंधरा वर्षं हेच काम करतोय तो माणूस. मोठ्यांच्या भानगडीत नाक खुपसू नका!"

"पण मामा, ते ठसे..."

"खेळायला जा!"

कप्तानचे कान लाल झाले. बाहेर येऊन ती म्हणाली, "तोंडी सांगून कुणी ऐकणार नाही. खूण हवी. पुसता येणार नाही अशी."

"आईची नखं रंगवायची बाटली!" शेपूट म्हणाली. "जांभळी! एकदा फरशीवर सांडली होती, अजून डाग आहे!"

संधी गुरुवारी सकाळी मिळाली. पिंजऱ्यात साळिंदर होतं, आणि पिंजरेवाल्याला यायला अवकाश होता. चष्मिषने बाटलीतला कुंचला लांब काठीला दोऱ्याने बांधला. साळिंदराने त्यांना पाहिलं मात्र, अंगावरचे सगळे काटे ताठ केले! त्याच्या शेपटावरचे पोकळ काटे खुळखुळले, त्याने पाय आपटले, आणि ते पाठमोरं होऊन असं आदळलं की पिंजरा हातभर सरकला!

"बाप रे!" चष्मिष मागच्या मागे कोलमडला. "तूच कर, कप्तान. मी... मी वेळ बघतो."

"वेळ कसली बघतोस? काठी धर!"

पण काठी धरली शेपटीने. ती जमिनीवर पालथी पडली, श्वास रोखला आणि जाळीतून काठी आत घातली. एक काटा... दोन... साळिंदर फुत्कारलं. तिने काठी आणखी घट्ट धरली. तीन... चार!

"झालं!" ती कुजबुजली आणि मग एकदम रडायला लागली. "किती घाबरलंय गं ते! आपल्यापेक्षा जास्त!"

पिंजरेवाला आला, न बघताच पोतं टाकलं आणि पिंजरा उचलून गेला.

शनिवारी सकाळी तिघं कुंपणापाशी वाकून पलीकडे बघत होती, तोच एक ढेकूळ येऊन चष्मिषच्या पाठीवर फुटलं.

"चोरांनो! दिसलात बरं का!"

हेडबाईंची नात, डोक्यावर लाल टोपी आणि हातात दुसरं ढेकूळ तयार.

"चोर कुणाला म्हणतेस?" कप्तान उसळली. "तुमच्या पिंजऱ्यात आज साळिंदर आहे का, एवढंच सांग."

"आहे. तुला काय करायचंय?"

"त्याच्या पाठीवर चार काटे जांभळे आहेत का बघ."

"वेड लागलंय का?" असं म्हणून लाल टोपी गेली खरी, पण परत आली तेव्हा तिचं तोंड रागाने फुललं होतं. "आहेत! म्हणजे रंगवून तुम्हीच सोडलंत आमच्याकडे! आजी! आजी गं!"

"अगं, ऐक तरी..."

पण ती ऐकायला थांबलीच नाही. पाचच मिनिटांत हेडबाई फाटकात उभ्या होत्या. "रंगीत साळिंदरं पाठवता होय? पोरांना असले धडे देता?"

"मी पाठवतो?" मामा संतापाने थरथरत होते. "उद्याची वाटच कशाला बघू? दुपारीच विष टाकतो! मग बघू कोण कुणाकडे काय पाठवतं ते!"

मुलांच्या तोंडचं पाणी पळालं. जो पुरावा मिळवायला एवढी धडपड केली, तोच त्यांच्यावर उलटला होता!

"आता काय?" चष्मिष पुटपुटला. "दोघंही एकमेकांशिवाय दुसऱ्या कुणावर रागवायला तयार नाहीत."

कप्तान एकदम थांबली. "मग तोच राग वापरू या!"

ती धावत जाऊन कुंपणाशी लाल टोपीसमोर उभी राहिली. "तुला आमचं पटत नाही ना? नको पटू दे. पिंजरेवाला तुमच्याकडे किती वाजता येतो?"

"दहाला. का?"

"पावणेदहाला आजींना कालव्याच्या तुमच्या बाजूच्या काठावर ने. सांग की माझा मामा तिथे साळिंदरं सोडतो, त्याला रंगेहाथ पकडायचंय. मी मामाला सांगते की तुझी आजी सोडते."

लाल टोपीने डोळे बारीक केले. "आणि तू खोटी निघालीस तर?"

"तर हवी तेवढी ढेकळं मार. पाठ करून उभी राहीन."

"चालेल," लाल टोपी म्हणाली. "मी आत्ताच गोळा करून ठेवते."

दहाच्या सुमारास कालव्याच्या एका काठावर झुडपाआड मामा दबा धरून बसले होते आणि समोरच्या काठावर हेडबाई. दोघांच्याही चेहऱ्यावर शत्रूला पकडण्याचा आनंद मावत नव्हता. शेपटीने मामांचा सदरा मागून गच्च धरून ठेवला होता.

गाडीची घरघर आली. पिंजरेवाला उतरला, पिंजरा मोरीपाशी ठेवला आणि पोतं ओढलं. उन्हात चार जांभळे काटे चकाकले!

"जा बाबा," तो म्हणाला, "आणि परवा पुन्हा ये. तुम्ही संपलात तर मला कोण बोलावणार? आणि त्या जंगलापर्यंत कोण मरायला जातंय!"

त्याने दार उघडलं.

"थांब!" दोन्ही काठांवरून एकाच क्षणी गर्जना झाली.

मामा उठले, हेडबाई उठल्या. दोघांनी आधी एकमेकांकडे पाहिलं, मग पिंजरेवाल्याकडे. पिंजरेवाला दचकून मागे सरला, तो नेमका साळिंदराच्या वाटेत! साळिंदराने पाठ फिरवली, काटे फुलवले आणि मागे धाव घेतली.

"आई गं! मेलो!" पोटरीत सात-आठ काटे घेऊन पिंजरेवाला एका पायावर नाचू लागला. साळिंदर मोरीत पसार झालं.

"मी फक्त... त्याला जरा हवा दाखवत होतो..." तो कळवळत म्हणाला.

"हवा?" हेडबाई कडाडल्या. "अख्खं बोलणं ऐकलंय मी! किती वर्षं आम्हाला फसवतोस?"

"आणि मी नऊ वर्षांची झाडं गमावून बसलो!" मामा ओरडले.

सात वर्षांत पहिल्यांदाच दोघं एका बाजूने भांडत होते.

मामींनी कळवल्यावर वनखात्याची माणसं आली. त्यांनी मोरीतली पाच साळिंदरं पकडली आणि खरोखर नदीपलीकडे नेली. बरोबर चष्मिष गेला होता, घड्याळ लावून! पिंजरेवाल्याची तक्रार लिहून घेतली गेली. मामांनी कवटीचा डबा स्वतःहून वनअधिकाऱ्यांच्या हातात दिला. अधिकारी म्हणाले, "आणखी साळिंदरं येतील, त्यांना हद्द कळत नाही. बुंध्यांना तारेची जाळी बांधा, खालची कड मातीत पुरा. आणि हे शोधून काढलं कुणी? या मुलांनी? आमच्या माणसांनाही एवढं सुचलं नसतं!"

हेडबाईंनी चौघांना रांगेत उभं केलं. "खोटं सांगून मला कालव्यावर बसवलंत. त्याची शिक्षा म्हणून दोन्ही बागांतल्या प्रत्येक झाडाला जाळी बांधायची." मग त्यांचा आवाज थोडा उतरला. "डोकं मात्र झकास चालवलंत. इतक्या वर्षांत अशी मुलं माझ्या हाताखाली फार थोडी आली."

मामा पुढे आले. मग ते शेपटीसमोर गुडघ्यावर बसले.

"तुम्ही काटे दाखवायला आलात, तेव्हा मी मान वर केली नाही," ते म्हणाले. "आज दुपारी मी फार वाईट काम करणार होतो. तुम्ही मला त्यातून वाचवलंत. साळिंदरांचं सोडा, मलाच वाचवलंत."

शेपटीने त्यांच्या गळ्यात हात टाकले.

संध्याकाळी जाळी कापायचं काम सुरू झालं. एक टोक कप्तानने धरलं, दुसरं लाल टोपीने.

"आपली काही मैत्री झालेली नाही हं," लाल टोपी म्हणाली.

"कुणी म्हटलं झाली म्हणून?" कप्तान म्हणाली. "ताणून धर!"