ओल्या सुताआडचा उपग्रह

महानंदा गच्चीवर लाल सुताच्या ओल्या लडी तारेवर टाकत होती, तेवढ्यात शेजारच्या शाळेच्या गच्चीवरून हाक आली.

"अहो... ते सूत जरा वेळ बाजूला काढता का? उपग्रह यायलाय."

तिने लडीआडून पाहिलं. सर्व्हे खात्यातला कुणी तरुण होता. डोक्याला रुमाल, शेजारी तिपाईवर अँटेना.

"येऊ द्या की," ती म्हणाली. "आमचं सूत काय त्याला अडवतंय?"

"अडवतंय तर. लोखंडी तारा, त्यावर ओलं सूत. सिग्नल नीट पोचत नाही. मग ही गच्ची पृथ्वीवर नेमकी कुठं आहे, ते कळत नाही."

"आमाला तर रोज सापडती."

तो हसला... आणि महानंदाने मुकाट लडी उतरवल्या. अठ्ठ्याहत्तर साली अख्ख्या सोलापुरात उपग्रहाला वाट करून देणारी मुलगी आपणच, या विचाराने ती दिवसभर स्वतःवर खूश होती.

त्याचं नाव मल्लिकार्जुन. उपग्रह दिवसातून बरेचदा जायचा, पाव तासभर यंत्राला दिसायचा आणि मावळायचा. जितक्या फेऱ्या चांगल्या मिळतील, तितकं मोजमाप पक्कं. त्यामुळे प्रत्येक फेरीला हाक यायची, लडी उतरायच्या आणि यंत्र आपलं काम करेतो दोघं आपापल्या कठड्याला टेकून बोलत राहायची. कधी नुसतीच बघत राहायची.

पण अर्धवट वाळलेलं सूत ढिगात पडलं की रंग एकसारखा बसत नाही. तिच्या बापाने, शिवप्पाने, एक लडी उजेडात धरली.

"पट्टे कशानं पडले गं हे?"

"वाऱ्यानं... गुंतलं असंल, आप्पा."

बापाने ती लडी वेगळी काढून ठेवली. त्याच्या लाल रंगाचं विणकरांत नाव होतं, आणि मुलीला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

"आता मी सूत काढायची न्हाई," तिने मल्लिकार्जुनला सांगून टाकलं. "आप्पांच्या रंगाला बट्टा लागायलाय."

त्याने मान डोलावली आणि तिपाई आवरायला घेतली.

दुसऱ्या दिवशी ती वर आली, तर अँटेना एका जाड बांबूच्या टोकावर, सुताच्या पार वर. उपग्रह आला, गेला. हाक काही आली नाही. नको म्हणणारी आपणच, तरी महानंदाला रडू फुटायच्या बेतात होतं.

"जमलं की तुमचं," ती कठड्याशी येऊन म्हणाली. "आमची गरज संपली."

"मोजमाप झकास येतंय. बांबूची उंची वजा केली की झालं. उद्या सामान बांधायचं."

"मग हा बांबू आदीच का न्हाई लावला?"

मल्लिकार्जुनचे कान लाल झाले.

"लावता आला असता... पहिल्याच दिवशी."

"मग?"

"मग तुम्ही कठड्याशी कशाला आला असता?"

महानंदाला एकदम सुख झालं, आणि तितकाच रागही आला.

"आन् आमचं सूत?"

"चुकलंच माझं. पण महानंदा... तुम्ही मला आवडता. उद्या जायचंय, म्हणून आजच बोलतोय."

"मला सांगून काय हुतंय? आप्पा खाली रंगाच्या हौदापाशी हायती. पट्टे कशानं पडले, ते आदी त्यांना सांगा."

"आणि दुसरं?"

"ते बी सांगा," ती खाली बघत म्हणाली. "मी कुटं न्हाई म्हणतीय?"

तो शाळेचा जिना उतरून त्यांच्या दारात गेला. ती वर जिन्याच्या तोंडाशी कान देऊन उभी. मल्लिकार्जुन बराच वेळ हळू आवाजात बोलत होता. मग तो गप्प झाला, आणि आप्पाही गप्प. आप्पांच्या गप्प बसण्याची तिला फार भीती वाटायची.

"असं न्हाई करायचं कुणाच्या कामाला," शेवटी आप्पा म्हणाले.

"चुकलं माझं."

हौदातलं सूत ढवळल्याचा आवाज आला.

"पाव्हणं... गाव कुठलं तुमचं?"

"अक्कलकोट."

"घरात कोण कोण असतंय?"

घालवून द्यायचं असलेल्या माणसाला असं कुणी विचारत नाही.

"महानंदा, चहा टाक गं," आप्पांनी हाक दिली.

ती धावत खाली गेली आणि रंगाचे हात न धुताच तिने स्टोव्ह पेटवला.