भर दुपारची तराई

घर पाहावं बांधून, लग्न पाहावं करून, असं आपल्याकडे म्हणतात. लग्न मी केलं होतं, मुलीचंही लावून दिलं होतं, तेव्हा घरही जमेल अशी माझी समजूत होती. ठेकेदार कशाला, सगळं स्वतः उभं राहून करून घेऊ, असं मी छाती फुगवून सांगत सुटलो होतो. खरं म्हणजे ठेकेदार मिळतच नव्हता. छत्तीसगड राज्य नुकतंच झालं होतं, रायपूर राजधानी झालं होतं, आणि जो तो सरकारी इमारतींच्या मागे लागला होता. माझ्यासारख्या रेल्वेतल्या मालबाबूच्या दोन खोल्यांना कोण विचारतो?

मग काय, हौस फिटली. रेती मागवावी तर तिच्यात मातीच जास्त. मिस्त्री आला तर रेजा नाहीत, म्हणजे बांधकामावरच्या बाया नाहीत. त्या आल्या तर सिमेंट नाही, आणि सिमेंट आलं तर ठेवायला कोरडी जागा नाही. प्लॉट बीरगांवच्या अलीकडे, धानाच्या शेतातून नुकत्याच पाडलेल्या वस्तीत होता. आजूबाजूला रिकामे प्लॉट आणि कारखान्यांची काळी धूळ. शेजारी म्हणावं असं एकच घर, तेही अर्धवट. भिंती उभ्या, वर स्लॅब पडलेला, पण ना प्लास्टर ना दार. मालक कधी दिसला नव्हता.

एवढी घाई कशाला, असं लोक विचारायचे. घाई रमासाठी होती. माझ्या बायकोचं हृदय अशक्त झालं होतं. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, की बाईंच्या मनात जे असेल ते लवकर करा. तिच्या मनात फार नव्हतं. लग्न झाल्यापासून आम्ही ब्राह्मणपाऱ्यात भाड्याच्या खोल्यांत राहिलो, आणि भिंतीत खिळा ठोकायचा तरी घरमालकाला विचारावं लागे. "एकदा आपल्या भिंतीत खिळा ठोकायचा आहे मले," ती म्हणायची. "कोणाले न विचारता." ते तिला मिळावं एवढंच मला हवं होतं.

वैशाखात स्लॅब पडला. मुहूर्त मीच काढून आणला होता, अगदी पंचांग बघून. काम आटोपलं, सगळ्यांनी गूळ-पोहे खाल्ले, आणि फिरतूराम मिस्त्री हात धुवत म्हणाला, "बाबूजी, अब हमन गाँव जाबो. अक्ती हे न."

मी कपाळावर हात मारला. अक्ती म्हणजे आपली अक्षय्य तृतीया. छत्तीसगडात त्या दिवशी लहान मुलं बाहुला-बाहुलीचं लग्न लावतात आणि मोठी माणसं खरी लग्नं लावतात. सगळे मजूर गावी जातात आणि लवकर परतत नाहीत. मी शुभ दिवस बघितला, पण त्याच्या पुढचे दिवस बघितलेच नाहीत.

"आणि तराई?" मी विचारलं.

"घर के मनखे कर लेथें बाबूजी," म्हणजे घरचीच माणसं करून घेतात, असं म्हणून तो सायकलवर बसला.

तराई म्हणजे ओल्या स्लॅबला पाणी देणं. मातीच्या पाळ्या घालून पाणी भरून ठेवायचं आणि ते आटू द्यायचं नाही. वैशाखातल्या उन्हात स्लॅब कोरडा पडला की तडे गेलेच म्हणून समजा. मी सकाळी ड्यूटीच्या आधी पाणी मारायचो, संध्याकाळी परत मारायचो. प्रश्न दुपारचा होता. सुट्टी मिळेना. रमाला जिना चढायची मनाई होती, आणि त्या उन्हात मी तिला तिथे उभीही केली नसती.

शेवटी एका दुपारी न राहवून मी ऑफिसातून सटकलो आणि स्कूटर हाणली. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. लू, म्हणजे उन्हानं तापलेला वारा, अशी वाहत होती की डोळे उघडवेनात. सगळ्या सावल्या आपापल्या पायाखाली गेलेल्या. प्लॉटपाशी गाडी बंद केली आणि बोअरची मोटर चाललेली ऐकू आली.

मोटरचं बटण पत्र्याच्या खोलीत होतं. खोलीला कुलूप होतं आणि किल्ली माझ्या खिशात होती.

मी जिना चढलो. तापल्या सिमेंटवर पाणी पडलं की चर्र असा आवाज होतो आणि ओल्या भिंतीचा वास सुटतो. तो आवाज येत होता, तो वासही येत होता. वर पोचलो तर कोणी नाही. पाळ्या काठोकाठ भरलेल्या, पाणी अजून हलत होतं. पाईप कोपऱ्यात नीट गुंडाळून ठेवला होता. मी कधी तसा ठेवत नाही. खाली आलो तेव्हा मोटर बंद झालेली होती.

मी घाबरलो असं सांगितलं तर अर्धं खरं होईल. अर्ध्या मनानं मला हायसंच वाटलं. स्लॅब वाचला होता.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा गेलो. या वेळी ती वर होती. पाठमोरी, पदर डोक्यावर घेतलेला, त्यावर ओला टॉवेल. नऊवारी नाही, रेजांसारखी वर खोचलेली साडीही नाही, आपल्या घरातल्या बायांसारखी साधी गोल साडी. पाईप ओढत ती सावकाश मागे मागे येत होती, एकही कोपरा न सोडता.

"कोण... कोण आहात बाई तुम्ही?"

"बाजूचीच," ती वळली नाही. "तुम्ही जा कामावर. मी मारून राहिली ना पानी..."

मराठी ऐकून माझा जीव भांड्यात पडला. विदर्भातली असावी, आमच्यातलीच. "अहो, एवढ्या उन्हात काहून त्रास घेता तुम्ही?"

"आता ऊन नाही लागत," ती म्हणाली. मग थोडं थांबून, "पाईप जड आहे हो. एकटीनं ओढवत नाही."

आपल्या लोकांची जीभ कशी असते, तुम्हाला ठाऊकच आहे. कोणी उपकार केला की तोंडातून गोड शब्द निघतोच, मागेपुढे न बघता. मी म्हणालो, "आमची रमा बरी होऊ द्या. तिले पाठवतो तुमच्या मदतीले."

पाईप थांबला. पाणी एकाच जागी पडत राहिलं.

"पाठवजा," ती हळूच म्हणाली. "मी वाट पाहीन..."

मी खाली उतरलो, स्कूटर सुरू केली, आणि ती पाळ्यांच्या ओल्या मातीवरून चालत असूनही पायांचा ठसा कुठेच नव्हता, हे मला निम्म्या वाटेवर आठवलं.

रमाला मी एवढंच सांगितलं, की शेजारच्या बाई भल्या आहेत, दुपारी पाणी मारून राहिल्या. ती म्हणाली, "मग वास्तुशांतीले त्यांना बोलावलंच पाहिजे. सवाष्णीची ओटी भरून पाठवीन मी."

घर उभं राहिलं. स्लॅबला एक केसाएवढासुद्धा तडा नव्हता. फिरतूराम परत आला तेव्हा त्यानं स्लॅबवर हात फिरवला आणि माझ्याकडे बघतच राहिला. वास्तुशांतीचं आमंत्रण शेजारच्या प्लॉटवाल्याला धाडलं, पत्ता पटवाऱ्याकडून मिळवून. तो आला. दिवाकरराव नावाचा, मान खाली घालून जेवणारा गृहस्थ. एकटाच.

रमा ओटीचं ताट घेऊन पुढे झाली. "वहिनी नाही आल्या?"

दिवाकररावांचा घास हातातच राहिला.

"कमला नाही आता," ते म्हणाले. "मागच्या वर्षी, वैशाखात... मी ड्यूटीवर होतो. स्लॅबला पाणी मारायले ती एकटी आली होती. लू लागली. संध्याकाळी आलो, तं... पाईप चालूच होता."

रमानं ताट खाली ठेवलं नाही. ती तशीच निघाली, हळूहळू, धापा टाकत, भिंतीला धरून शेजारच्या बिनदाराच्या घरात गेली आणि उंबऱ्याच्या जागी तांदूळ, नारळ, खण ठेवून आली. "त्यांनी माझं घर राखलं," परत आल्यावर ती मला म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. भीती नव्हती.

दिवाकरराव निघताना माझ्याजवळ आले. "तुम्हाले दिसली का ती?" मी हो म्हणून मान हलवली. "काही म्हणाली?" मी नाही म्हटलं. रमाला पाठवायचा शब्द मी तिला देऊन बसलो होतो, ते कोणत्या तोंडानं सांगणार होतो?

रमा त्या घरात राहिली. खिळे तर तिनं इतके ठोकले की मी चेष्टेनं म्हणायचो, घर सिमेंटवर नाही, खिळ्यांवर उभं आहे. एकेका खिळ्यावर काय टांगायचं, तेही कधी कधी ठरलेलं नसायचं. ती सुखात होती, हे मी शपथेवर सांगतो. पुढच्या एका थंडीत ती झोपेतच गेली.

त्यानंतरच्या वैशाखात समोरच्या प्लॉटवर एक तरुण जोडपं घर बांधायला लागलं. निरंजन आणि अनुश्री. दोघंही नोकरीवर. तेही बिचारे माझ्यासारखेच रेती-सिमेंटच्या मागे धावत होते, आणि त्यांचेही मजूर अक्तीला गेले. एका संध्याकाळी अनुश्री मिठाईचा डबा घेऊन आली. घरात मराठी, बाहेर हिंदी, अशी आताच्या पोरींची बोली.

"काका, थँक यू बोलने आई हूँ. हमारी छत की तराई हो रही है रोज दोपहर को. पण काकूंना एवढ्या उन्हात नका पाठवू ना, प्लीज."

मी डबा हातात धरून उभा राहिलो. "कोणत्या काकू, बेटा?"

"आपके घर से ही आती हैं ना. दोघी जणी. एक पाईप ओढते, दुसरी पाणी मारते. जी पाईप ओढते ती सारखी हसत असते."

रात्रभर मी दिवा मालवला नाही. भीती वाटली, खोटं कशाला बोलू. पण पहाटेपर्यंत भीतीतून दुसरंच काही उरलं. ती हसत होती, हे मला कोणीतरी सांगितलं होतं.

म्हणून मी वरचा मजला काढला. मुलगी फोनवर ओरडली, "बाबा, एकट्या माणसाले कशाले पाहिजे वरचा मजला?" तिला मी काय सांगणार? पुन्हा रेती, पुन्हा विटा, पुन्हा मिस्त्रीच्या मिनतवाऱ्या. स्लॅब पडला तेव्हा फिरतूरामनं विचारलं, तराई कोण करेल? मी म्हटलं, होईल.

वर मी जात नाही. दुपारी खाली पडून राहतो आणि ऐकतो. काल बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही. मग जिन्यावरून हाक आली, धाप न लागता, रमा तरुणपणी मारायची तशी, "अहो... मोटर लावता का?"

मी उठलो. लाईट सकाळपासून गेलेली होती. तरी बटण दाबलं.

वर चर्र असा आवाज झाला आणि पन्हाळीतून पाणी पडायला लागलं.