मिटल्या ओठांआड

धाकट्या लेकीचा गाण्यांचा अल्बम पुरा होईपर्यंत रोज दुपारी मौन पाळीन, असं मी देवापुढे बोलले होते. अल्बम काढणाऱ्या एका कंपनीने तिला बोलावलं होतं. गाणी तुझी घेऊ, पण गाणार दुसरी, अशी त्यांची अट. ती चहाही न घेता उठून आली. बाहेरचा आवाज येऊ नये म्हणून मागच्या खोलीच्या भिंतींना घरातल्या गाद्या उभ्या केल्या आणि एकटीच कामाला लागली. लिहायचं, वाजवायचं, गायचं, सगळं तिनेच. मी आणखी काय हातभार लावणार? निदान माझी बडबड तरी तिच्या गाण्यात शिरू नये. हे म्हणाले, व्रत तुझं, फळ मात्र मला मिळालं.

प्रत्येक गाण्याआधी ती खोलीची नुसती शांतता रेकॉर्ड करून ठेवायची. गाण्यातल्या फटींत तीच भरावी लागते म्हणे, नाहीतर आवाज मध्येच तुटल्यासारखा वाटतो. एका दुपारी तिने मला आत बोलावून हेडफोन माझ्या कानांवर ठेवले. आधी काहीच नव्हतं. मग बरेच दिवस न उघडलेल्या खोलीचा वास आला, आणि त्या शांततेत कुणीतरी गुणगुणू लागलं. बाईचा आवाज. इतका गोड, की मी हेडफोन कानांशी घट्ट दाबून धरले.

"हे कडवं मी अजून गायलेच नाहीये, आई…" धाकटी कुजबुजली.

पुढे रोज एखादी ओळ त्या शांततेत उमटायची. आणि उमटली, की ती ओळ लेकीच्या गळ्यातून नाहीशी व्हायची. ओठ हलत, आवाज निघत नसे. ह्यांनी भीत भीत सुचवलं, की तोच आवाज राहू दे, लोकांना आवडेल.

"गोड आहे, बाबा. पण माझा नाही," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली. "हिचीही त्या कंपनीसारखीच अट दिसतेय. हिलाही नाहीच म्हणायचं."

शेवटच्या गाण्याच्या दिवशी शांतता रेकॉर्ड होत होती आणि मी दाराशी गप्प बसले होते. गुणगुणणं आता हेडफोनशिवाय ऐकू येऊ लागलं. लेक वळून माझ्याकडेच बघत राहिली. तेव्हा कळलं… माझा घसा थरथरत होता. ते माझ्याच मिटल्या ओठांआडून येत होतं. माझ्या मौनात त्या आवाजातल्या बाईला बरी जागा सापडली होती.

देवा, रागावायचं तर रागव, असं मनात म्हणून मी तोंड उघडलं. लेकीचं कडवं माझ्या भसाड्या आवाजात, सूर सोडून गाऊ लागले. आत काहीतरी जीभ मागे ओढत होतं. मी थांबले नाही. हाताशी स्टीलचं ताट होतं, तेही बडवलं. लेक दचकली, मग हसली, मग माझ्याबरोबर गाऊ लागली. तिचा गळा मोकळा झाला होता.

अल्बम तसाच निघाला, माझ्या बेसुरासकट. ते काढून टाक म्हटलं, तर म्हणते, असू दे, पहारा आहे तो.

तुम्ही जरूर ऐका. फक्त शेवटचं गाणं संपलं की पुढे थोडी शांतता आहे. ती लेकीने ठेवलेली नाही. पुसली तरी परत येते, आणि दर वेळी आधीपेक्षा लांब असते. तेव्हा गप्प बसू नका. माझ्यासारखं वेडंवाकडं का होईना, आपल्या आवाजात काहीतरी गा. ओठ मिटू नका… एवढं ऐका माझं.